साहित्य आणि पद्धती

सातवा मसुदा. फाइलचं नाव: अंतिम, खरंच अंतिम, दोन.
ताळगावच्या पठारावर रात्रीचे पावणेदोन.
मागच्या खोलीत उणे ऐंशीचा फ्रीझर
म्हाताऱ्यासारखा घसा खाकरतो, गप्प होतो.

सारांश अडीचशे शब्दांत बसवायचा.
माझे दोनशे एकाहत्तर.
'लालसर' काढला. 'उन्हाने तापलेलं' काढलं.
'आगरवाडा' काढला, मग परत घातला.
बाराच्या ठोक्याला दोनशे एक्कावन्नवर आले
आणि तिथेच अडकले.

पद्धतीच्या भागात माणसं नसतात.
नमुने गोळा करण्यात आले,
पाणी गाळण्यात आलं,
पेशी मोजण्यात आल्या.
कोणी, हे विचारायचं नाही, असा शिष्टाचार आहे.
पण एप्रिलच्या त्या दुपारी
गुडघाभर खारात पुनो उभा होता,
माझी निर्जंतुक बाटली तीर्थासारखी
दोन्ही हातांत धरून,
आणि ओरडून सांगत होता,
"थंय न्हय गो बाय, हांगा! हांगाचें उदक रगत जालां."
मानशीपासून कितव्या कोंडीत रंग आधी उतरतो,
कुठल्या वाऱ्यानंतर किती दिवसांनी,
हे त्याने जाता जाता सांगितलं, बिडी विझवताना.
मी लिहून घेतलं:
क्षारता एकतीस टक्के, तापमान एकेचाळीस,
नमुना क्रमांक चार.

आकृती तीन. जेलवरची एक पट्टी फिकट आहे.
उजेडाची कळ थोडी सरकवली की ठळक होते.
मी सरकवली. पाहिली. देखणी दिसली,
अगदी छापील पुस्तकातल्यासारखी.
कळ होती तिथे परत आणली
आणि खाली लिहिलं, 'अस्पष्ट'.

नोरोन्हा मॅडमचा शेरा, समासात, तांबड्या अक्षरांत:
विशेषणं काढ, प्रमाण विचलन दे.
दिलं, मॅडम.

हितसंबंधांचा संघर्ष: आहे की नाही, खूण करा.
आमच्या घरी बांगड्याला लागतं ते मीठ त्याच आगरातलं.
दिवसभराच्या खोटीचे पैसे पुनोने घेतले नाहीत,
वर पाच किलोंची पिशवी स्कूटरला अडकवून दिली.
रकाना अर्ध्या ओळीचा आहे.
'नाही'वर खूण केली.

संध्याकाळी त्याला फोन केला होता,
ऋणनिर्देशात नाव घालायचं, स्पेलिंग काय म्हणून.
"म्हजें नांव कित्याक? आगराचें घाल."
आगराला नाव असतं?
असतं. बायलांचो आगर.
त्याच्या आजीच्या काळात पुरुष बोटीवर गेले ते परतलेच नाहीत वेळेवर,
एक अख्खा हंगाम बायकांनी मीठ ओढलं,
तेव्हापासून.
तीन वर्षं मी त्याला 'स्थळ ब' म्हणत होते.

आता शोधा आणि बदला. सत्तेचाळीस ठिकाणी.
तक्ता दोनचा मथळा दुसऱ्या ओळीवर घसरला,
नकाशावरचा बाण थोडा लांब करावा लागला.
शब्दसंख्या मात्र तेवढीच राहिली,
दोनाला दोन.
दोनशे एक्कावन्न.

सारांश पुन्हा वाचला, ओठ हलवत,
शाळेत कविता पाठ करायचे तसा.
'या आगरातील हे सूक्ष्मजीव प्रथमच आढळले असून...'
'प्रथमच'वर कर्सर नेला.
बिडी विझवणारा हात आठवला.
काढला तो शब्द.
मॅडम सकाळी चिडतील, हाच तर म्हणे विकला जाणारा शब्द.

अडीचशे.

शेवटचं पान:
हा लेख तपासू शकतील अशा तीन तज्ज्ञांची नावं सुचवा,
संस्थेच्या ईमेल पत्त्यासह.
दोन लगेच सुचली, एक पुण्याचे, एक हैफाच्या.
तिसऱ्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.
बाटल्यांच्या खोक्यावर बोट फिरवलं तर अजून
मिठाचा बारीक खर लागतो.
चाटून पाहायचं नसतं प्रयोगशाळेत काही.