उरल्या

पेन्सिलीनेच लिहिलंय सगळं.
शाई गोठते, असं पहिल्याच पानावर आहे,
त्याखाली: उणे अडतीस. वारा नाही.
पुठ्ठ्याला अजून राळेचा वास येतो,
की मलाच तो यायला हवाय, कोण जाणे.

कंपनीचा भटारी होता माझा आजा, विल्यामी तोल्वानेन.
बंदूक त्यालाही मिळाली होती,
ती पिठाच्या पोत्यांमागे उभी असायची.
कुहमोच्या जंगलात, बर्फात खणलेल्या भट्टीपाशी बसून
तो रोज एक आकडा लिहायचा.
राय धान्याच्या काळ्या रोट्या, मधोमध भोक पाडलेल्या,
काठीत ओवून स्लेजवर चढवायच्या,
माणशी एक.
नऊ डिसेंबर: एकशे बेचाळीस.
दहा: एकशे बेचाळीस.
अकरा: एकशे सदतीस.
पाच जण कुठे गेले ते लिहिलेलं नाही.

महिनाभर मी त्याला वजाबाकीसारखा वाचत होते.
समासात मांडायचे,
हातचा घ्यायला शेजारी कुणी नसायचं.
आर्त्तु फोनवर म्हणाला,
अगं, ही तर वाण्याची वही,
हिच्यात युद्ध कुठाय?

नाताळच्या आदल्या दिवशी आकडा वाढतो: एकशे साठ.
नवी पोरं आली असणार.
शेजारी बारीक अक्षरात: यांना कडा टणक लागतात.
मग तीन पानं कोरी.
मग: एकशे अठरा.

एका घोड्याला मात्र चार ओळी दिल्यात.
नाव पोयु, कपाळावर पांढरा ठिपका,
स्लेजसकट तळ्याच्या बर्फाखाली गेला.
माझ्याकडे बघत होता.
इथे पेन्सिलीने कागद फाडलाय,
ते वाक्य पुढच्या दोन पानांवरही वाचता येतं.

आंबवणाचा डबा तो कोटाच्या आत, पोटाशी बांधून निजायचा.
गोठलं तर कंपनी उपाशी.
ते आंबवण त्याच्याबरोबर घरी आलं,
त्यावर आजीच्या रोट्या फुगल्या, मग आईच्या,
आणि अठ्ठ्याऐंशी साली फ्लॅटमध्ये राहायला जाताना
आईने ते मोरीत ओतलं.
वास मारतो, म्हणाली.
तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

सप्टेंबरात मी तिथे जाऊन आले.
रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, दलदलीच्या कडेकडेने,
वही बिस्किटांच्या डब्यात.
भट्टीचे दगड सापडले असं म्हणवत नाही.
दगड होते.
काळसर. घासून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही.
लाल रानबेऱ्या तोडणारी एक म्हातारी
बादली खाली न ठेवताच म्हणाली,
इथे दगड पुष्कळ आहेत बाई,
येईल तो आपापला एक निवडतो.

तेरा मार्चचं पान शेवटचं.
अकरा वाजता गोळीबार थांबला.
आज भाजलं नाही.
कालच्या पुरल्या.
उरल्या: एकतीस.

यापुढे वहीत काही नाही,
फक्त मागच्या पुठ्ठ्यावर हिल्क्का, हिल्क्का, हिल्क्का,
तीन वेगवेगळ्या वळणांनी,
जणू आजीचं नाव कसं लिहायचं तेच ठरत नव्हतं.

घरी तो ताजी रोटी कधी खायचा नाही.
आधी उरलेली संपवू, म्हणायचा,
आणि आम्ही त्याला चिक्कू म्हणायचो,
अगदी तोंडावर.
तो कॉफीत तुकडा बुडवायचा,
चावत राहायचा बराच वेळ.
कधी लहर लागली तर अख्खी रोटी उचलून
भोकातून माझ्याकडे बघायचा, एक डोळा मिटून,
आणि मी हसून हसून खुर्चीवरून घसरायचे.