चौघींचा कोट

मडगावात डिसेंबर उतरतो तो दुकानांच्या काचांवर,
कापसाचा बर्फ चिकटवून.
बाहेर बत्तीस अंश,
आणि रसवाल्याकडचा खरा बर्फ अकरालाच संपलेला.

आम्हाला कोट हवा होता.
लांब, उंटाच्या रंगाचा, गुडघ्याच्या खाली जाणारा.
कोरियन मालिकेतली ती तो घालते
आणि सोळाव्या भागापर्यंत कोणालाच काही सांगत नाही.
सोळाही भाग आम्ही ज्योविताच्या मोबाइलवर पाहिले,
कँटीनमागच्या पायरीवर.
इअरफोन दोन कानांपुरता,
बाकीच्या दोघी खालची अक्षरं वाचायच्या.

मॉलमध्ये सहा हजार नऊशे नव्याण्णव.
'एक रुपया तरी सोडलाय बिचाऱ्यांनी,' शमशाद म्हणाली.

मग बाजारामागच्या फुटपाथवर
ताडपत्री, ताडपत्रीवर ढीग,
ढिगावर उभा राहून ओरडणारा पोरगा:
पन्नासला शर्ट, शंभरला जीन्स, उलटून बघा, पालटून बघा!
विदिशाने खांद्यापर्यंत हात घातला आत,
गाय अडली की तिचा बाबा घालतो तसा,
डोळे मिटून, चाचपत.
आणि ओढून काढला.

एक बटण कमी. अस्तराच्या चिंध्या.
खिशात कुठल्याशा शहराचं बसचं तिकीट,
चौघींपैकी एकीलाही न येणाऱ्या लिपीत.
चारशे म्हणाला, दोनशे ऐंशीला दिला.
प्रत्येकी सत्तर.
माझे शमशादने भरले. अजून देणं आहे.

'हें कितें गो?' इनास शिंपी म्हणाला. 'हांगा? मडगांवांत?'
तियात्रातल्या राजांचे झगे शिवलेला माणूस,
त्याने कोट उजेडात धरला, नाकाला लावला,
आणि कार्निव्हलच्या उरलेल्या सॅटिनचं
लालभडक अस्तर लावून दिलं.
आत कोण बघतंय, मी म्हटलं.
घालणारी बघते, तो म्हणाला, आणि साठ रुपये घेतले.

सोमवारी विदिशा, मंगळवारी मी,
बुधवारी शमशाद, हिजाबाशी रंग जुळवून,
गुरुवारी ज्योविता.
वाचनालयाच्या जिन्यात बारा मिनिटं, पाठीवरून ओघळ,
फोटो, आणि पटकन काढ, काढ, मेले मी.
फोटोत घाम दिसत नाही.
दिसलाच तर दंव वाटतं.

एका गुरुवारी कोट गेला तो परत आला नाही.
शुक्रवार, शनिवार, सोमवार.
आम्ही विचारलं: कोट?
दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.
आम्ही तिच्याबद्दल बोललो. जे बोललो ते इथे लिहीत नाही.

रविवारी कुंकळ्ळीला तिच्या घरी गेलो तिघी,
न सांगता.
कोट दारामागच्या खिळ्याला होता.
कोळंबीचा वास.
बाह्या दोनदा दुमडलेल्या,
मनगटापाशी प्लास्टिक, वर रबरबँड.

अख्ख्या गोव्यात हिवाळा एकाच खोलीत असतो,
उणे अठरा, जाड दाराच्या आत,
जिथे तिची आई नोव्हेंबरपासून खोकी रचते.
कंपनीची जॅकेटं जुन्या बायकांना पुरतात.
नवीन बायका साडीवर साडी नेसतात.

दुल्सीनमामीने आमच्यापुढे चहा ठेवला,
पदराच्या गाठीतून नोटा काढायला लागली.
'तुमचो कोट बरो,' म्हणाली,
'पूण बटण परत तुटलें.'
कोणालाच काही सुचेना.
ज्योविता भिंतीकडे बघत होती.

शेवटी शमशाद म्हणाली, 'मामी, एक फोटो काढू?'

मामी कोट चढवून दारात उभी राहिली,
वाऱ्याने एक पदर उलटला, आत लालभडक,
कॅमेऱ्याकडे न बघता,
कोणालाच काही न सांगता.
तिने एकही भाग पाहिलेला नाही.

आता फेब्रुवारी. कार्निव्हलसाठी
चमकी लावलेलं काहीतरी हवंय, दीडशेच्या आत.
विदिशाचा हात पुन्हा ढिगात.
मामीची मैत्रीणही नवीनच लागलीय, अंगाने थोराड.
'जाड काही हाताला लागलं तर तेही काढ,' मी म्हणते,
'मोठ्या मापाचं.'