अडलेली

काल दुपारपासून शेपूट खाली, तुरा फिका,
पेंग्विनसारखी ताठ उभी.
एदुविना गळ्याची पिशवी चाचपते. "मोकळी आहे."
मग तेलाचं बोट आत.
"अंडं. अडलंय."

चिलोएत आज पाऊस आडवा लागलाय.
मी घमेल्यात पाणी ओततो.
"कोपर बुडवून बघ," ती खेकसते,
"बाळाला बघतात तसं."
आम्हाला बाळ कधी झालं नाही.
कोपराला मात्र बरोबर कळतं, कोमट म्हणजे किती.

पाण्यात कोंबडी डोळे मिटते.
धक्क्यावरून कुणीतरी माझ्या नावानं ओरडतं,
मी ओ देत नाही.

पहाटे चुलीजवळच्या खोक्यात
निळं अंडं, कागदी कवचाचं, एका अंगाला चेपलेलं.
एदुविना बघते, बोलत काहीच नाही.
खलबत्ता ओढते,
आणि शिंपले कुटायला बसते.