पातं खाली सोडण्यापूर्वी

ऑफिसातून निरोप आला:
सेआबाता, आठवडाभर ग्रेडर बंद ठेव.
सायकलवाले येणार आहेत.
त्यांना रस्ता आहे तसाच हवाय.

आहे तसाच, म्हणजे
खिंडीपासून हा-रातलालीपर्यंत बेचाळीस किलोमीटर
मुरमाच्या लाटा, वीतभर अंतरावर एकेक,
ज्यांच्यावरून दवाखान्याची गाडी गेली
की बाटल्यांतलं औषध फेसाळतं,
आणि माझी सून लिम्फो, सातवा महिना,
पोट दोन्ही हातांनी धरून बसते
काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखं.

मी यंत्र कड्याच्या आडोशाला लावलं,
पात्याला ग्रीस फासलं,
ब्लँकेटची पिन घट्ट केली आणि बसलो.
एप्रिल संपताना इथं बादलीतल्या पाण्याची
सकाळी काच होते.

पहिले आले त्यांनी डोंगराकडे पाहिलंच नाही.
माना खाली, गुडघ्यांवर चिखलाच्या खपल्या.
गुराखी पोरं गमबूट फटफटवत मागं धावली.
एकजण थांबला, त्यानं मूठभर खजूर दिले;
बी थुंकायची की गिळायची
यावरून पोरांची जुंपली ती संध्याकाळपर्यंत.

मला एक हिशोब सुटत नव्हता.
एकोणीस वर्षं मी परमुलखात
सोन्याच्या खाणीत दोन मैल खाली उतरलो.
पगार नसता तर एक पायरी उतरलो नसतो.
ही माणसं पैसे भरून चढतात.

सहाव्या दिवशी, सगळे गेल्यावर, ती आली.
चालत. सायकल हाताशी,
थकलेलं गाढव न्यावं तशी.
केस माझ्याइतकेच पांढरे.
नाव सांगितलं, ते माझ्या तोंडात राहीना,
म्हणून मी पाटीवरचा आकडा धरला: एकसष्ट.
मक्याचा पापा दिला, वर पाल्याची भाजी.
बोटांनी खाल्लं तिनं, बोटं चाटली,
मग विचारलं:
पुढं रस्ता कसा आहे?

अकरा वर्षं मी हा रस्ता खरवडतोय.
तो कसा आहे ते लोक मला सांगतात.
हेडमास्तर अर्जात लिहून सांगतात,
टॅक्सीवाले शिव्या घालून सांगतात.
विचारलं कुणीच नव्हतं.

मग मी सुटलोच.
बाई, पहिला चढ खोटारडा आहे,
दिसतो तो माथा नव्हे.
दुसऱ्या वळणावर कुत्रा येईल,
नुसतं भुंकणं आहे त्याचं, मालकाला भिऊन भुंकतो.
ओहोळात काळ्या दगडावर चाक घालू नको, तो साबण आहे.
आणि तिसऱ्या वळणाला डावीकडून जा,
अगदी डावीकडून, कड्याला खांदा लागेल इतकी.
उजवी बाजू घट्ट दिसते,
खालून पोकळ आहे.
पोकळ जमीन कशी वाजते
ते मला विचार.

तिनं मान डोलावली. कळलं किती, कोण जाणे.
माझं इंग्रजी खाणीतलं,
तिचंही उसनंच वाटलं.
अंधारात तिचा दिवा चढत गेला.
थांबला बराच वेळ
(माथा खोटा निघाला असणार),
पुन्हा चढू लागला.

आठव्या दिवशी पहाटे इंजिन तापवलं.
रस्ताभर चाकांच्या रेघा,
एकमेकींत गुंतलेल्या, एकमेकींना खोडणाऱ्या.
पातं फिरलं की सगळ्या कडेच्या ढिगात.
लाटाही गेल्या. महिन्यात परत येतील,
माझी नोकरी आहे ती त्यांच्यावरच.

तिसऱ्या वळणावर मी थांबलो.
पुष्कळ रेघा उजवीकडून गेलेल्या,
नशीबवान म्हणायचे.
आणि एकच, बारीक, थरथरती,
कड्याला घासून
डावीकडून.

खाली उतरून पाहिली.
कुणी आपलं ऐकलं
की ते जमिनीवर असं दिसतं, हे माहीत नव्हतं.

खालून दवाखान्याच्या गाडीचा हॉर्न वाजला.
लिम्फोची आज तपासणी.
मी वर चढलो,
आणि पातं खाली सोडलं.