अर्धा फेरा

नरसय्या दुडम यांची सायकल आज तिसऱ्यांदा दुकानात आली.
साखर पेठेच्या तोंडाशी दुकान, वरचा पत्रा असा तापलेला
की पाना फडक्यात गुंडाळून धरावा लागतो.
"बिड्डा, नवा सेन्सर बसवलीस,
पण डावा पाय खाली गेला की मोटर झोपती की."

जुना साधा होता.
क्रँकमागे बांगडीएवढी चकती, चकतीत बारा चुंबकं,
शेजारी एक डोळा, तो नुसतं मोजायचा:
एक गेलं, दोन गेलं, म्हणजे माणूस पाय मारतोय.
किती जोरानं, ते त्याच्या गावी नव्हतं.
अर्धा फेरा वाट बघून एकदम ढकलायचा,
पाय थांबले तरी क्षणभर ढकलतच राहायचा.
उशिरा आलेला, उशिरा उठणारा पाहुणा.

नवा महाग. आसाच्या पोटात बसतो.
पावलाच्या दाबानं लोखंड केसभर पिळवटतं,
तो पीळ वाचतो
आणि त्याच मापानं देतो.
मीच विकला होता, मोठ्या तोऱ्यात.

समजावू लागले तर म्हातारा हसला.
"मागाला काटा असतो. बाणा तुटला
की काटा कळतो, माग थांबतो.
चाळीस वर्षं त्याच्यासमोर उभा होतो.
धागा हाय का नाही, एवढंच इचारायचा.
जाड का बारीक, कधी नाही."

पुलाच्या चढावर मी बाजूनं पळत गेले.
उजवा पाय: मोटर गुणगुणते.
डावा पाय: गप्प.
उजवा. गप्प.
सेन्सर बिघडला नव्हता.
त्या गुडघ्याबद्दल खरं तेच सांगत होता,
भर रस्त्यात, प्रत्येक फेऱ्याला.

संध्याकाळी भंगाराच्या डब्यातून चकती शोधली,
रॉकेलनं पुसली, निखळलेलं एक चुंबक चिकटवलं.
ब्रेकची वायर मात्र दोनदा तपासली.
भोळ्याला थांबवायला दुसरं कुणी लागतं.

फरकाचे पैसे घेईनात. कॅरिअरला पिशवी अडकवून
नरसय्या बसले, डावं पाऊल पेडलवर ठेवलं,
नुसतं ठेवलं, दाबलं म्हणता येणार नाही.
मी दारात.
एक, दोन, तीन,
चकती फिरत होती, सायकल डुगडुगत होती,
चार, पाच,
पाच,

आणि मग मोटर आली.