लाल ठिपका

सुरसागरच्या मागे, चौबळमास्तरांच्या माडीवर
एक रेडिओ होता, जवळचं तेवढं ऐकणारा.
मुंबई लागायची, तीही रात्री,
सर्दी झाल्यासारखी.
आमच्या खांच्यात अजून वीज नव्हती.

मग मास्तरांनी डबा केला.
सागवानी, पोळपाटाएवढा.
आत एकच व्हॉल्व्ह, आणि बदलायच्या तीन कॉइली,
मामींच्या बांगड्या ज्या नळीवर आल्या होत्या
त्याच नळीचे तुकडे करून गुंडाळलेल्या.
वेढे मी मोजले. सतराव्याला शिंक आली.
पुन्हा पहिल्यापासून.

माझं काम शनिवारचं.
काचेची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून
रावपुऱ्यात चुनीलालकडे चार्जिंगला.
धीरे जा, दीकरा, तो ओरडायचा,
तरी तेजाब उडायचंच.
चड्डीला इतकी भोकं
की आई म्हणे, हिच्यातून सगळं बडोदं दिसतं.

एरिअल आणि रेडिओ यांच्या मधोमध
डबा बसायचा, लग्न जुळवणाऱ्यासारखा.
रेडिओची सुई ठेवायची
जिथे कुठलंच स्टेशन नाही तिथे.
मास्तरांनी काचेवर तिथे लाल शाईचा ठिपका दिला होता.
ती हलवायची नाही.
हिंडायचं ते डब्याने.

मी विचारलं, लांबचा आवाज जवळ येतो कसा?
येत नाही, मास्तर म्हणाले.
डबा आपल्याशीच काही गुणगुणतो.
त्याचं गुणगुणणं आणि तिकडची लाट,
दोघांची वजाबाकी तेवढी आपल्याकडे येते.
मला तेव्हा हातच्याचीही जमत नव्हती.

मामींना एकच गाव हवं होतं. नैरोबी.
धाकटा भाऊ दिनकर तिथे रेल्वेत कारकून,
दोन दिवाळ्या पत्र नाही.

एका रात्री, तिसऱ्या कॉइलीवर, ते लागलं.
मास्तरांनी बटणावरून हात काढला की जाई,
परत जवळ नेला की येई.
म्हणून ते तसेच बसले, हात अधांतरी,
ओवाळता ओवाळता कुणी हाक मारावी तसे.
खरखरीतून एक साहेब बाजारभाव वाचत होता.
मामींना इंग्रजी आकड्यांपुरतं येई.
त्यांनी पदराच्या आत बोटं मोजली.
मग म्हणाल्या, कातडी उतरली.
आणि थोड्या वेळाने,
दिनूलाही आत्ता हेच ऐकू येत असेल.

शुक्रवार होता. बॅटरी बसत आली होती.
साहेब बारीक होत होत
तांदळाएवढा झाला.
मास्तरांनी हात तरी खाली घेतला नाही.
मी माझ्या चड्डीची भोकं बघत होतो,
जणू आवाज तिथूनच सांडला.

पुढे वीज आली. जुना रेडिओ मोडीत गेला,
ठिपक्यासकट.
डबा माझ्याकडे आहे, पिठाच्या चाळणीखाली.
नातू विचारतो, ह्याच्यात काय लागायचं?
ह्याच्यात काहीच नाही रे, मी म्हणतो,
आणि पुढचं सांगायला जातो
तोवर तो उठलेला असतो.

पत्र आलं की नाही, आठवत नाही.
कातडी उतरली होती, एवढं पक्कं.