एका नोंदीवर दोघी

दगड वाचायचा तर आधी त्याला आंघोळ घालावी लागते.
मग कोरड्या कणकेची चिमूट
अक्षरांवरून हलक्या हातानं फिरवायची.
खाचेत पीठ बसतं, वरचं फुंकरीनं उडतं,
आणि शेवाळाखालून नाव वर येतं.

हे मला छावणीच्या कबरस्तानात बाबूलालनं शिकवलं.
त्याची शेळी तोवर घाणेरीची पानं
हुंगून हुंगून नाकारत होती.

मी आईच्या वडलांना शोधत होते.
शांतवन अमोलिक, कंपाउंडर.
नगरहून आले, मिशनच्या दवाखान्यात
औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या
कातरून चिकटवत राहिले एकतीस वर्षं.
त्यांची कातर आमच्याकडे आहे. बाकी काही नाही.

नगरपालिकेतला बाबू म्हणाला, सरनेम बोलिए.
मी बोलले. त्याला सापडले
अमोलक, मोलिक, आणि एका पानावर नुसतेच अनमोल.
नगरहून निघालेलं एक आडनाव
इंदुरात पोचून तीन दारांनी आत गेलं होतं.

मोलिकांच्या खाली:
मुलगी, कृपा, १२ नोव्हेंबर १९३८.
ही तर आई!
मी मोबाइलवर फोटो काढला,
बाबूला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी पीठ संपत आलं होतं
तेव्हा आजोबांच्या दगडाशेजारी, गवतात,
हातभर लांबीचा एक दगड लागला.
कृपा
शांतवन व मार्था यांची
जन्म १२ नोव्हेंबर १९३८
प्रभूमध्ये निजली ३ एप्रिल १९४०

मी पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा पीठ लावलं.
तेच.

तिथून चौथ्या रांगेत, गेल्या डिसेंबरात
मी आईला मातीत ठेवलं होतं,
कागदोपत्री पंच्याऐंशी वर्षांची.

जन्माचं रजिस्टर एका कपाटात,
मृत्यूचं दुसऱ्या.
कपाटांची आपसांत ओळख नव्हती.
बेचाळीस साली पुन्हा मुलगी झाली,
तिची नोंद करायला कुणी गेलं नाही
किंवा गेलं आणि बाबू जागेवर नव्हता.
मार्थाबाईंनी नाव तेच ठेवलं,
धुऊन वाळवून जपलेलं झबलं
पुढच्या लेकराला घालतात, तसं.
शाळेनं दाखला मागितला
तेव्हा आजोबांनी घरात होता तो दिला.
नीटनेटका माणूस. खोटं असं काही लिहिलंच नाही.

म्हणून आई चार वर्षं आधी रिटायर झाली.
निरोपसमारंभात म्हणाली होती,
अजून मला शिकवता आलं असतं हो,
मी काही एवढी म्हातारी नाही.
सगळे हसले. मीही.

आणि वाढदिवसाला सकाळी, केकच्या आधी,
ती एकटीच रिक्षा करून कबरस्तानात जायची,
दोन मेणबत्त्या पर्समध्ये टाकून.
पप्पांना भेटून येते, म्हणायची.
दोन कशाला, हे मी कधी विचारलं नाही.
घरात मेणबत्त्या मोजत कोण बसतं?

मी उठले तेव्हा मुंग्या आल्या होत्या.
कृपाच्या कानातलं, वेलांटीतलं,
एकेक कण उचलून त्या रांगेनं निघाल्या,
आणि नाव पुन्हा दगडात बुडालं.

आता मल्हारगंजातला नंदकिशोर
आईचा दगड पुढ्यात घेऊन बसलाय.
अक्षराला चाळीस रुपये, आकड्यालाही चाळीसच.
जन्मतिथि बोलिए दीदी.

बारा नोव्हेंबर तिची नाही.
तिची कुठली, ते कुठल्याच कपाटात नाही.
मी म्हटलं, तिथं काही कोरू नका,
जागा सोडा.

खाली जगह के भी पैसे लगेंगे, तो म्हणाला,
घिसाई तो पूरी करनी पड़ती है.

लावा, म्हटलं.